बारा बाइटची नोंद, अनेक तऱ्हांची मशीन : सी लायब्ररीची आपोआप तपासणी कशी बसवावी

रावेर, सावदा, फैजपूर, यावल या केळीच्या पट्ट्यात रायपनिंग चेंबर, म्हणजे केळी पिकवण्याची खोली, चालवणाऱ्याचे सगळे लक्ष दोन आकड्यांवर असते. खोलीचे तापमान १६ ते १८ अंशांच्या आसपास हवे आणि आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर. तापमान १३ अंशांच्या खाली उतरले की केळीची साल काळवंडते आणि माल भावातून जातो. म्हणून खोलीत सेन्सर बसतो, त्याच्या शेजारी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक दर मिनिटाला एक नोंद फाइलमध्ये लिहितो. तीच फाइल व्यापाऱ्याच्या ऑफिसातल्या विंडोजवर उघडते, आणि दुरुस्तीची वेळ आली की जळगाव, शिरपूर किंवा धुळ्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या लिनक्स लॅपटॉपवर.

ही नोंद लिहिणारी आणि वाचणारी छोटी सी लायब्ररी (सी भाषेतला, इतर प्रोग्रामांना वापरता येणारा कोड) आपण उदाहरणाला घेऊ. काम एकच: कोणत्याही मशीनवर लिहिलेली फाइल दुसऱ्या कोणत्याही मशीनवर तशीच वाचता आली पाहिजे, आणि हे प्रत्येक पुशनंतर (कोडमधला बदल सर्व्हरवर पाठवल्यावर) माणसाने हात न लावता तपासले गेले पाहिजे.

नवखा माणूस पहिल्याच दिवशी लिनक्स, विंडोज, मॅक अशी तीन मशीन यादीत टाकतो, तिन्हीवर हिरवी खूण येते आणि काम झाले असे वाटते. पण चाचणीच अशी असेल की ती कुठेच पडू शकत नाही, तर तीन काय, तीस मशीन लावून उपयोग नाही. आधी पडू शकणारी चाचणी लिहायची, मशीन नंतर. या लेखाचा क्रम त्यासाठीच तसा आहे.

सुरुवातीला गिट (कोडमधले बदल नोंदवणारे साधन), सीमेक (बिल्डची, म्हणजे कोडपासून प्रोग्राम बनवण्याची, मांडणी करणारे साधन), एक सी कंपायलर आणि युनिटी नावाची चाचणीची छोटी चौकट एवढे पुरे. युनिटीत एक सी फाइल आणि दोन हेडर असतात. ती रेपोतच, म्हणजे गिटने सांभाळलेल्या कोडच्या फोल्डरातच, ठेवा, म्हणजे इंटरनेट नसतानाही बिल्ड होते. लॅपटॉप जुना असला तरी चालतो.

पायरी १ : नोंद कागदावर मांडा

आपली नोंद १२ बाइटची. पहिले ४ बाइट वेळ, म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद, बिनचिन्ही. पुढचे २ बाइट तापमान, अंशाच्या दहाव्या भागात, चिन्हासह, १६.५ अंश म्हणजे १६५. पुढचे २ बाइट आर्द्रता, टक्क्याच्या दहाव्या भागात. १ बाइट खोलीचा क्रमांक, १ बाइट खुणांसाठी, आणि शेवटचे २ बाइट आधीच्या दहा बाइटांचा सीआरसी, म्हणजे बाइट बिघडले का ते ओळखण्याचा पडताळा आकडा. सगळे आकडे लहान टोकाकडून, म्हणजे कमी किमतीचा बाइट आधी. हे सारे रीडमीमध्ये, म्हणजे रेपोतल्या माहितीच्या फाइलमध्ये, तक्त्याने लिहा. हा तक्ताच करार आहे. कोड आणि तक्ता जुळले नाहीत तर चूक कोडची.

आता एक मोह टाळायचा. या सहा खान्यांचे स्ट्रक्चर करून ते जसेच्या तसे फाइलमध्ये ओतणे फार सोपे दिसते. वरच्या क्रमाने ते योगायोगाने १२ बाइटचेच भरते. पण कुणी खोलीचा क्रमांक उचलून पहिला ठेवला की कंपायलर मध्ये रिकाम्या जागा सोडतो आणि तेच स्ट्रक्चर १६ बाइटचे होते. उद्या वेळेला ८ बाइट दिले तर आणखी गोंधळ: ३२ बिट इंटेल लिनक्सवर स्ट्रक्चरमधला ८ बाइटचा आकडा ४ च्या पटीवर बसतो, ६४ बिटवर ८ च्या पटीवर. म्हणून प्रत्येक आकडा बाइटाबाइटाने स्वतः लिहायचा आणि तसाच वाचायचा. त्यासाठी चार छोटी फंक्शन लागतात, दोन लिहिण्याची आणि दोन वाचण्याची.

आकड्यांचे प्रकारही ठरलेल्या रुंदीचेच वापरा. साधा लाँग ६४ बिट लिनक्सवर ८ बाइटचा असतो आणि ६४ बिट विंडोजवर ४ बाइटचा.

पायरी २ : नमुना फाइल आणि तिच्यातले आकडे

बहुतेक जण पहिली चाचणी अशी लिहितात: नोंद लिहिली, परत वाचली, जुळली, पास. ही चाचणी हवी, पण तिच्यावर विसंबू नका. लिहिणारा आणि वाचणारा दोघेही एकाच पद्धतीने चुकत असतील तर ते एकमेकांशी जुळतातच.

तिच्या जोडीला नमुना फाइल ठेवा. रीडमीतल्या तक्त्यावरून हाताने बाइट मांडून एक फाइल तयार करायची, ती रेपोत टाकायची आणि दोन चाचण्या लिहायच्या: लायब्ररीने लिहिलेले बाइट नमुन्याशी अक्षरशः जुळतात का, आणि नमुना वाचला की अपेक्षित आकडे येतात का. ही फाइल लायब्ररीकडूनच बनवून घेतली तर तिचा अर्थच जातो.

सगळ्यात जास्त विचार नमुन्यात कोणते आकडे घालायचे यावर करा. नेहमीचे १६.५ अंश घातले तर काहीच सापडत नाही. २६.६ अंश घाला. ते २६६ म्हणून साठते, म्हणजे खालचा बाइट १० आणि वरचा १. १० हा ओळ संपल्याची खूण असलेला बाइट आहे. विंडोजवर फाइल बायनरी मोडमध्ये उघडायची राहिली असेल, तर लिहिताना त्याच्या आधी १३ हा बाइट आपोआप घुसतो. नोंद १३ बाइटची होते आणि तिथून पुढची प्रत्येक नोंद एका घराने सरकते. विंडोजवरच परत वाचली तर तो १३ गुपचूप काढला जातो, त्यामुळे लिहून-वाचून पाहणारी चाचणी पास. फाइल लिनक्सवर आली की बोंब.

दुसरा आकडा २८.२ अंश. तो २८२ म्हणून साठतो: खालचा बाइट २६, वरचा १. विंडोजच्या टेक्स्ट मोडमध्ये २६ हा बाइट म्हणजे फाइल संपल्याची खूण. वाचन तिथेच थांबते, पुढच्या हजार नोंदी असूनही दिसत नाहीत आणि एररही येत नाही. मे महिन्यात चेंबरचे दार थोडा वेळ उघडे राहिले तर २८.२ ही नोंद पडायला कितीसा वेळ लागणार? हिवाळ्यात केलेल्या चाचण्यांत मात्र ती कधीच येत नाही.

तिसरा, उणे ०.१ अंश. तो उणे १ म्हणून साठतो आणि दोन्ही बाइट २५५ येतात. चिन्ह हरवले तर वाचताना ६५५३.५ अंश दिसतात. चौथा, वेळेच्या खान्यात २१४७४८३६४८ सेकंद, म्हणजे आपल्या घड्याळाने १९ जानेवारी २०३८ ची सकाळ, ८ वाजून ४४ मिनिटे ८ सेकंद. चिन्ह असलेल्या ३२ बिटांत हा आकडा मावत नाही. आपल्या बिनचिन्ही खान्यात तो मावतो आणि २१०६ सालापर्यंत पुरतो, पण वाचणाऱ्या कोडमध्ये कुठेतरी चिन्ह असलेला प्रकार शिरला असेल तर तो इथे उघडा पडतो.

सीआरसीसाठी मोडबस या औद्योगिक उपकरणांच्या संवादपद्धतीत वापरतात तो १६ बिटांचा प्रकार घ्या. १ ते ९ या नऊ आकड्यांची अक्षरे सलग दिल्यावर त्याचे उत्तर दशमानात १९२५५ यायला हवे. ही एक वेगळी चाचणी करून ठेवा. सीआरसीच चुकीचा असेल तर बाकीचे शोधत बसण्यात दिवस जातो.

नमुना फाइल रेपोत टाकताना गिटॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये ती बायनरी आहे असे लिहाच. विंडोजवरचे गिट ओळीचे शेवट बदलते. फाइलमध्ये शून्य बाइट दिसला तर ते स्वतःहून हात लावत नाही, पण एखाद्या छोट्या नमुन्यात शून्य नसेल तर तो चेकआउट करतानाच, म्हणजे रेपोतून फाइली बाहेर काढतानाच, बिघडतो. मग चाचणी पडते आणि माणूस लायब्ररीत चूक शोधत राहतो.

पायरी ३ : सीमेक आणि सीटेस्ट

लायब्ररी हे एक टार्गेट, चाचण्यांचा प्रोग्राम दुसरे. प्रत्येक चाचणी सीटेस्टला, म्हणजे सीमेकसोबत येणाऱ्या चाचण्या चालवणाऱ्या साधनाला, वेगळ्या नावाने नोंदवा आणि नावे अर्थपूर्ण द्या. दूरच्या मशीनवर पडलेली चाचणी तुम्हाला फक्त नावानेच ओळखता येणार आहे. सीटेस्ट चालवताना पडलेल्या चाचणीचे आउटपुट दाखवण्याचा पर्याय नेहमी द्या. एका चाचणीला ठरलेली मुदत १५०० सेकंद असते, ती ६० वर आणा.

इथे तीन खड्डे आहेत.

पहिला सगळ्यात घातक. चाचण्या सीमधल्या साध्या असर्टने (अट खोटी निघाली तर प्रोग्राम थांबवणारी तपासणी) लिहिल्या आणि बिल्ड रिलीज प्रकारात केले, तर सीमेक सगळे असर्ट बंद करणारी व्याख्या लावतो. प्रोग्राम काहीही न तपासता संपतो आणि हिरवी खूण येते. युनिटीचे असर्ट असे नाहीसे होत नाहीत. तरीही बसवणी झाल्यावर एक चाचणी मुद्दाम चुकीची करून पुश करा आणि सगळ्या मशीनवर लाल खूण येते का पाहा. ज्या मशीनवर लाल आली नाही, तिथे तुमच्या चाचण्या चालतच नाहीत.

दुसरा, व्हिज्युअल स्टुडिओवर बिल्डचा प्रकार कॉन्फिगर करताना दिलेला चालत नाही; बिल्ड करताना आणि सीटेस्ट चालवतानाही पुन्हा सांगावा लागतो. तो सांगितला नाही तर चाचण्या चालल्याच नाहीत असा शेरा मिळतो.

तिसरा डीएलएलचा, म्हणजे विंडोजवर प्रोग्राम चालताना जोडल्या जाणाऱ्या लायब्ररी-फाइलचा. विंडोजवर चाचणीचा प्रोग्राम सुरू होताच उणे १०७३७४१५१५ हा आकडा देऊन बंद पडला, तर डीएलएल सापडलेली नाही एवढाच त्याचा अर्थ. चाचण्यांसाठी लायब्ररी स्टॅटिक, म्हणजे प्रोग्रामच्या आतच, बांधा, नाहीतर सगळ्या तयार फाइली एकाच फोल्डरात पडतील अशी सोय करा.

पायरी ४ : मशीनची यादी

पुशनंतर चाचण्या आपोआप चालवणाऱ्या गिटहब ॲक्शन्स या सेवेची यामल (सूचना लिहिण्याचा मजकूर-प्रकार) फाइल रेपोतल्या डॉट-गिटहब फोल्डराच्या वर्कफ्लोज उपफोल्डरात जाते. यामलमध्ये टॅब चालत नाही, मोजून स्पेस द्या. आवृत्तीचे आकडे अवतरणात लिहा, ३.१० उघडे लिहिले तर ते ३.१ असे वाचले जाते.

मॅट्रिक्स म्हणजे मशीन आणि कंपायलर यांच्या जोड्यांची यादी. सुरुवातीला लिनक्सवर जीसीसी, लिनक्सवर क्लँग, विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओ आणि मॅकवर ॲपलचा क्लँग एवढ्या चार पुरेत. त्यातच लिनक्सचा आर्म प्रोसेसरचा रनर (चाचण्या चालवणारे गिटहबचे मशीन) घाला, कारण रास्पबेरी पाय त्याच जातीचा. आर्म लिनक्सवर साधा कॅरॅक्टर प्रकार बिनचिन्ही असतो, इंटेलवर चिन्हासह. सेन्सरची दुरुस्ती म्हणून ठेवलेले उणे ५ तिथे २५१ होते. फाइलमधून एकेक अक्षर वाचून ते साध्या कॅरॅक्टरमध्ये ठेवणारी लूप तर आर्मवर कधी संपतच नाही, कारण शेवटची खूण उणे असते आणि ती त्यात मावत नाही. आर्म मशीन हाताशी नसेल तर जीसीसी आणि क्लँगला कॅरॅक्टर बिनचिन्ही धरायला लावणारा पर्याय देऊन आपल्याच लॅपटॉपवर हे तपासता येते.

पहिली जोडी पडली की बाकीच्या रद्द करायच्या, हे मॅट्रिक्सचे मुळातले वागणे. ते बंद करा. विंडोजवर पडले आणि मॅकवर चालले, ही माहितीच चूक कुठे आहे ते सांगते. एका जॉबची मुदतही मुळात ३६० मिनिटे असते; आपल्या लायब्ररीला १५ मिनिटे खूप झाली. विंडोजवर पायऱ्या पॉवरशेलमध्ये चालतात, म्हणून शेल बॅश आहे असे स्पष्ट लिहा, म्हणजे तोच आदेश सगळीकडे चालेल.

सार्वजनिक रेपोला हे नेहमीचे रनर फुकट मिळतात. खाजगी रेपोला महिन्याला मोजकी मिनिटे, आणि त्यात मॅकचे मिनिट लिनक्सपेक्षा कितीतरी महाग पडते. तेव्हा खाजगी काम असेल तर मॅकची जोडी फक्त मुख्य शाखेवर ठेवा.

पायरी ५ : उलट्या टोकाचे मशीन

वरची सगळी मशीन लहान टोकाकडूनच आकडे साठवतात. म्हणजे बाइटांचा क्रम चुकवणारा कोड त्या सर्वांवर पास होणार. १६.५ अंश म्हणजे बाइट १६५ आणि ०. ते उलटे वाचले तर उणे २३२९.६ अंश येतात. हे पकडायला जास्त किमतीचा बाइट आधी साठवणारे, एस३९०एक्स जातीचे मशीन लागते. ते विकत घ्यावे लागत नाही, क्यूइमू त्याची नक्कल करते.

उबंटूवर एस३९०एक्ससाठीचा जीसीसी आणि क्यूइमूचे युजर मोडचे पॅकेज बसवा. सीमेकला टूलचेन फाइल (कोणत्या मशीनसाठी कोणता कंपायलर ते सांगणारी) द्या आणि क्रॉसकंपायलिंग इम्युलेटर या व्हेरिएबलमध्ये क्यूइमूचे नाव लिहा. मग सीटेस्ट प्रत्येक चाचणी आपोआप क्यूइमूमधून चालवते. लायब्ररी सापडत नाही अशी तक्रार आली तर प्रोग्राम स्टॅटिक बांधणे हा सरळ उपाय. नक्कल असल्यामुळे चाचण्या कितीतरी हळू चालतात, पण आपल्या नोंदीसाठी तो वेळ नगण्य आहे. हे सगळे लॅपटॉपवरही होते, फक्त मे महिन्यात दुपारी ४५ अंशांत पंखा गरगरत असताना प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो आणि मुदतीवर बेतलेल्या चाचण्या उगाच पडतात. सकाळी चालवा, नाहीतर रनरवर सोडा.

पायरी ६ : सॅनिटायझर

लिनक्सवर क्लँगची आणखी एक जोडी करा, तिच्यात ॲड्रेस सॅनिटायझर (प्रोग्राम चालताना मेमरीच्या चुका पकडणारा) आणि अनडिफाइन्ड बिहेवियर सॅनिटायझर (सीच्या नियमाबाहेरचे वागणे पकडणारा) दोन्ही एकत्र लावा. चाचण्या साधारण दुप्पट वेळ घेतात, तेवढा द्या. दुसरा सॅनिटायझर चूक दिसली तरी मुळात फक्त संदेश छापून पुढे जातो. चूक झाल्यावर थांबायला सांगणारा पर्याय दिला नाही तर खूण हिरवीच राहते. थ्रेड सॅनिटायझर यांच्यासोबत चालत नाही, लागला तर त्याची जोडी वेगळी.

२०३८ सालचा आकडा इथे पुन्हा कामाला येतो. चार बाइटांतून वेळ जोडताना सगळ्यात वरचा बाइट २४ बिट डावीकडे सरकवतात. तो बाइट आधी इंट होतो, आणि १२८ किंवा जास्त असेल तर सरकवताना इंटच्या बाहेर जातो. सीच्या नियमाने ही चूकच. आजच्या तारखांत तो बाइट १२८ च्या खाली असल्याने काही दिसत नाही. नमुन्यात २०३८ ची वेळ असेल तर सॅनिटायझर ओळीच्या क्रमांकासह चूक दाखवतो. उपाय: सरकवण्याआधी बाइट ३२ बिट बिनचिन्ही प्रकारात बदला.

पायरी ७ : वीज गेली तर

खानदेशात ही चाचणी वगळून चालणार नाही. नोंद लिहीत असतानाच लाइट गेली तर फाइलच्या शेवटी अर्धी नोंद उरते. प्लग काढून तपासायची गरज नाही. तीन नोंदींची ३६ बाइटची फाइल घ्या आणि तिची ० ते ३६ बाइट लांबीची, एकूण ३७ तुकड्यांची मालिका करा. प्रत्येक तुकडा वाचल्यावर लांबीला १२ ने भागून येतील तेवढ्याच पूर्ण नोंदी मिळाल्या पाहिजेत, एकही जास्त नाही आणि प्रोग्राम पडता कामा नये. मग एका नोंदीतले ९६ बिट एकेक करून उलटवा. सीआरसीने ९६ च्या ९६ वेळा नोंद नाकारली पाहिजे.

फाइल बदलण्यासाठी नवी फाइल लिहून तिला जुनीचे नाव देण्याची पद्धत चांगली, पण लिनक्स आणि मॅकवर जुनी फाइल असतानाही नाव बदलते, विंडोजवर सीचे रिनेम तिथे नकार देते. विंडोजसाठी जुनी बदलण्याची खूण देऊन मूव्हफाइलएक्स वापरावे लागते. उघडी फाइल पुसणेही लिनक्सवर जमते आणि विंडोजवर बहुधा जमत नाही, त्यामुळे चाचणीनंतर साफसफाई करण्याआधी फाइल बंद केलीच पाहिजे. मॅकवर एफसिंक (लिहिलेले डिस्ककडे पाठवण्याचा आदेश) माहिती डिस्कच्या आतल्या कॅशपर्यंतच पोहोचवते, ती कायमची लिहिली जाईलच असे नाही; त्यासाठी वेगळा फुलएफसिंकचा मार्ग आहे.

पायरी ८ : मराठी नावाची फाइल

व्यापारी फाइलला 'शेतकऱ्यांची नोंद' असे नाव देणार, हे गृहीत धरा. यातला ऱ दोन रीतींनी लिहिता येतो: एकसंध ऱ हा एक संकेत, किंवा र आणि पुढे नुक्ता असे दोन. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत पहिला ३ बाइटचा आणि दुसरा ६ बाइटचा. डोळ्याला फरक नाही. लिनक्सवर आणि विंडोजच्या एनटीएफएसवर या दोन वेगळ्या फाइली होतात, मॅकच्या एपीएफएसवर एकच. दोन्ही नावांनी फाइल बनवून, उघडून पाहणारी चाचणी लिहा, आणि कोडमध्ये नाव संकेतांच्या आकड्यांनी लिहा, म्हणजे एडिटर ते बदलणार नाही. लायब्ररीने नावात स्वतःहून फेरफार करू नये. दिले ते जसेच्या तसे पुढे द्यावे.

विंडोजवर साध्या एफओपनला यूटीएफ-८ नाव दिले तर ते जुन्या कोडपेजने वाचले जाते आणि फाइल भलत्याच नावाने तयार होते. नाव यूटीएफ-१६ मध्ये बदलून रुंद अक्षरांचे फंक्शन वापरा.

पायरी ९ : कधी पास, कधी नापास

अशा चाचण्यांत बहुधा वेळ गुंतलेला असतो. विंडोजच्या घड्याळाचा ठोका मुळात सुमारे १५.६ मिलिसेकंदांचा असतो, म्हणून ५ मिलिसेकंद थांबून काहीतरी तपासणारी चाचणी तिथे डळमळणारच. लायब्ररीला वेळ बाहेरून द्या, चाचणीत खोटे घड्याळ लावा. नेटवर्कचे पोर्ट लागत असेल तर शून्य क्रमांक मागा, म्हणजे प्रणाली मोकळे पोर्ट देते. डळमळणारी चाचणी परत परत चालवून हिरवी करून घेऊ नका. सीटेस्टला ती पडेपर्यंत चालवण्याचा पर्याय द्या आणि कारण शोधा.

पायरी १० : आठवड्याची फेरी

रनरवरचे कंपायलर बदलत राहतात, त्यामुळे कोडला हात न लावताही चाचणी पडू शकते. आठवड्यातून एकदा सगळे आपोआप चालेल असे वेळापत्रक लावा. वेळ मुळात यूटीसीत, म्हणजे आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, धरली जाते: रविवारी पहाटे २ ला चालवायचे तर शनिवारी २० वाजून ३० मिनिटे, म्हणजे मिनिट ३०, तास २०, वार ६. वार बदलतो हे बरेच जण विसरतात. सार्वजनिक रेपोत ६० दिवस काहीच हालचाल झाली नाही तर हे वेळापत्रक आपोआप बंद होते. परीक्षा आणि उन्हाळी सुट्टी मिळून तेवढे दिवस सहज जातात. जूनमध्ये परत आल्यावर आधी ॲक्शन्सच्या पानावर जाऊन ते सुरू आहे का पाहा, मगच नवा कोड पुश करा.